अंगणात व्हाइट पाइन लावताय? खड्डा खोल खणू नका

इकडे मिशिगनला बॅकयार्डमध्ये बाराही महिने हिरवा आडोसा हवा असेल ना तर इस्टर्न व्हाइट पाइन लावा, इथलंच झाड आहे, 1955 पासून मिशिगनचा राज्यवृक्ष आहे. ओळखायला एकदम सोपं, सुयांची, म्हणजे सुईसारख्या पानांची, एक जुडी तोडून मोजा, पाच निघाल्या की हेच.

जागा मात्र नीट बघा. नर्सरीत कमरेएवढं दिसतं पण पुढे 50 ते 80 फूट उंच जातं, पसरतंही भरपूर, म्हणून घरापासून आणि वायरींपासून निदान 20 फूट लांब. ऊन हवं. रस्त्याच्या कडेला नकोच, थंडीत बर्फासाठी मीठ टाकतात त्याने सुया करपतात. शेजारी ब्लॅक वॉलनट (काळा अक्रोड) असेल तरी नको, त्याच्या मुळांतलं विष ह्याला सोसत नाही.

आता मेन गोष्ट. माझं पहिलं झाड खोल लावल्यामुळेच गेलं, आमची माती चिकण, मी हौसेने खोल खड्डा खणला, त्यात पाणी साचत राहिलं आणि दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत झाड फिकं पडत पडत वाळलं, खूप वाईट वाटलं. दुसऱ्या वेळी आधी मुळांच्या गोळ्यावरची माती बोटांनी उकरत गेले, चांगली चार बोटं खाली खोड रुंद होऊन मुळं सुटतात ती जागा सापडली. ही जागा जमिनीच्या वर दिसलीच पाहिजे, चिकणमातीत तर दोन इंच उंचच ठेवा. मग खड्डा तेवढ्याच मापाने खोल पण रुंदीला दुप्पट-तिप्पट. वरचं गोणपाट, दोरी, तारेची जाळी कापून काढा. मल्च (मातीवर पसरायचा लाकडाच्या भुशा-सालींचा थर) 2-3 इंच, खोडाला टेकवू नका.

पहिली दोन वर्षं पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा सावकाश भरपूर पाणी, आधी बोट खुपसून बघा, ओल असेल तर राहू द्या.

ऑक्टोबरच्या आसपास आतल्या जुन्या सुया पिवळ्या होऊन गळतात, घाबरू नका, दरवर्षी होतं. पण जूनमध्ये सगळ्यात वरचा शेंडाच काठीच्या मुठीसारखा वाकून सुकला तर आत भुंग्याच्या अळ्या आहेत, जुलैच्या मध्याच्या आत खालच्या चांगल्या लाकडापर्यंत कापा, तुकडा अंगणात न टाकता नष्ट करा, आणि कापलंय त्याच्या लगेच खालच्या फांद्यांतली एक जोरदार फांदी काठीला सैल बांधून उभी करा, तोच नवा शेंडा होतो.