आधी गोळी, मग चहा: पन्नाशीतल्या बाईनं आपली औषधं घरात कशी बसवावी

आमच्या भिशीतल्या बायांना आपली गोळी कोणती, किती पॉवरची, सगळं पाठ असतं. ती कधी घेता विचारलं की उत्तर येतं, "सांगितलं होतं जी डॉक्टरांनी, पण घरात जमत नाही." न जमण्याचं कारण आळस नाही. घराचं घड्याळ ह्यांच्या डब्यावर, नळाच्या पाण्यावर आणि सासूबाईंच्या आंघोळीवर लावलेलं असतं. आपली गोळी त्यात जिथे फट मिळेल तिथे जाते. मी हे उलटं लावते. माझ्या तीन-चार गोष्टींच्या वेळा आधी, बाकीचं घर त्यांच्या आजूबाजूला.

मी बावन्न वर्षांची, राहायला नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात. थायरॉईड आणि बीपी दोन्ही आहे, रक्तही कमीच असतं. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं आणि किती ते तुमचे डॉक्टर ठरवतील; ते घरात कसं बसवायचं एवढंच मी सांगते.

पहाटेची गोळी

थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहासुद्धा नाही. इथेच सगळं अडतं. उठल्याबरोबर चहा लागतो आणि गोळी आठवते ती कप अर्धा झाल्यावर. त्यावर माझा उपाय म्हणजे गोळ्यांची बाटली उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ ठेवायची. पाय जमिनीला टेकायच्या आधी गोळी पोटात गेली पाहिजे. मग तोंड धुऊन मी चालायला निघते. रिंग रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये पाऊण तास, रविवारी अंबाझरीला. परत येईपर्यंत चहाची वेळ झालेली असते, वाट पाहिल्याचं जाणवतही नाही. चालण्याचा वेग एवढा ठेवा की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. आठवड्याला दीडशे मिनिटं भरली की पुरे.

ह्या गोळीचं कॅल्शियम आणि लोहाशी वाकडं आहे. एकत्र घेतल्या तर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही, मध्ये चार तास पाहिजेत. माझा हिशोब असा: साडेपाचला थायरॉईड, स्वयंपाक आटोपून अकराला लोहाची, दुपारी जेवणासोबत कॅल्शियम. लोहाच्या गोळीला चहा चालत नाही, आंबट चालतं. दिवाळीपासून आंबिया बहाराची संत्री येतात, पुढे मृग बहाराची. ते दिवस असले की गोळीवर संत्र्याच्या चार फोडी, नाहीतर लिंबू पिळलेलं पाणी. रिकाम्या पोटी लोहानं कळ येत असेल तर काहीतरी खाऊन घ्या, पण अकराचा तो दुसरा चहा मात्र तासभर लांबवा.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉईडची तपासणी करायच्या आधी डॉक्टरांना तसं सांगा. त्यानं रिपोर्टचे आकडे चुकू शकतात आणि कारण नसताना डोस बदलला जातो. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, त्याआधी आकडा स्थिर होत नाही. एखाद्या दिवशी गोळी राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी मनानं दोन घेऊ नका.

उपासाचा प्रश्न प्रत्येकीला पडतो. हरतालिकेच्या निर्जळ उपासाला गोळीपुरतं पाणी मी पिते. सासूबाई स्वतःच म्हणाल्या होत्या, "औषधानं उपास मोडत नाही." साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणारीनं मात्र उपासाच्या आधी डॉक्टरांशी बोलावंच. पोटात काही नसताना ती औषधं घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. साबुदाण्याच्या खिचडीनं उलटं होतं, ती भरभर वर जाते.

बीपीचं मशीन आणि ब्लाऊजची बाही

मशीन घेताना दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको. शिवणाच्या टेपनं दंड मोजा. मशीनसोबत येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटरच्या दंडाचा असतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. आखूड पट्टा आवळून बांधला की बीपी आहे त्याहून जास्त दिसतं आणि जीव उगाच टांगणीला लागतो.

आता बाही. आपल्या ब्लाऊजची बाही घट्ट असते. ती वर सरकवली की दंडाला दोरी बांधल्यासारखं होतं, आणि बाहीवरूनच पट्टा बांधला तरी आकडा खरा नसतो. म्हणून मी मोजते सकाळी, आंघोळीच्या आधी, सैल बाहीच्या गाऊनमध्ये. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर.

बसायला पाठ टेकेल अशी खुर्ची. दिवाणावर मांडी घालून मोजू नका. पाय एकावर एक नकोत, आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. माझी उंची कमी, डायनिंगच्या खुर्चीवर पाय लोंबकळतात. त्यासाठी जेवायला बसायचा जुना लाकडी पाट मी पायाखाली घेते. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. टेबल खाली पडत असेल तर हाताखाली उशी. आधी लघवीला जाऊन या. चहा किंवा चालणं होऊन अर्धा तास गेलेला असावा. मग पाच मिनिटं नुसतं बसायचं. आपल्याला सगळ्यात जड हेच जातं. कुकरच्या शिट्या मोजत, भाजीवाल्याला आवाज देत घेतलेलं बीपी हे त्या गडबडीचं बीपी असतं. मशीन चालू असताना बोलायचं नाही. आमच्याकडे ह्यांना नेमकं तेव्हाच मोबाईलचं चार्जर सापडत नाही.

पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा. ज्या हाताचं जास्त येईल तोच हात पुढे कायम. रोज उठून मोजायची गरज नसते, त्यानं धास्तीच वाढते. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा आठवडा मी धरते: सकाळी बीपीच्या गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, दर वेळी एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा. लिहायला कालनिर्णय आहेच. दुधाचा हिशोब ज्या चौकोनात लिहितो त्यातच खालच्या कोपऱ्यात आकडे. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. एखाद वेळी एकदम १८०/१२० च्या वर गेलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा घ्या. तसंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं यातलं काहीही असेल तर "थोडं पडते, बरं वाटेल" म्हणू नका. सरळ हॉस्पिटल.

मिठाच्या पुड्यावर तारीख

मीठ कमी करा असं सगळेच सांगतात, किती ते कोणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचा. चौघांचं घर असेल तर दिवसाला २० ग्रॅम. १ किलोचा पुडा निदान ५० दिवस टिकला पाहिजे. पुडा फोडला की त्यावर पेननं तारीख घाला, बाकी काही मोजायची गरज नाही. फरसाण, पापड आणि विकतचं लोणचं यांतलं मीठ ह्या हिशोबात येत नाही, तेव्हा ५० च्याही थोडं पुढे गेलेलं बरं.

कमी कुठून करायचं? कणकेतून. पोळीतलं मीठ काढलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण पोळी आपण भाजीसोबत खातो. त्यानंतर भात. वरण-भाजीला हात सगळ्यात शेवटी लावा, तिथे लगेच ताटावरून बोलणी खावी लागतात. जवसाची किंवा फल्लीची (शेंगदाण्याची) चटणी घरी करताना मीठ निम्मं करून लसूण आणि लिंबू वाढवा. तर्री-पोहे सोडा असं मी नागपुरात कोणत्या तोंडानं सांगू? तर्री, म्हणजे तो झणझणीत रस्सा, एकदाच घ्या, वरून सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) जास्त मागा आणि वाटी तोंडाला लावू नका. सावजीचंही तसंच, रस्सा ताटात राहू द्या.

कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असणाऱ्यांना आणि बीपीच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांना ते घातक ठरू शकतं. घरात एकच डबा सगळ्यांसाठी असतो, त्यामुळे सासू-सासऱ्यांचाही विचार करून, विचारूनच आणा.

नवतपा

नवतपा म्हणजे मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा बीपीच्या गोळीचं गणित बदलतं. घाम जातो, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि लघवीवाटे पाणी काढणारी गोळी असेल तर बीपी फार उतरू शकतं. खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर बसल्यावर एकदा आणि उभं राहून मिनिटाभरानं एकदा मोजा, आणि डॉक्टरांना फोन करून दोन्ही आकडे सांगा. डोस कमी करायचा तो त्यांनी. उन्हाळा म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, आणि पावसाळ्यात ती पुन्हा सुरू करायची त्यांना आठवण राहत नाही.

पन्हं, ताक, माठाचं पाणी चालू द्या. ओआरएसची पुडी जुलाब-उलट्या किंवा ऊन लागल्यावर, पूर्ण पुडी, तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. बीपीवालीनं ती रोजचं सरबत म्हणून पिऊ नये, त्यात मीठ असतं.

औषधं फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका, ती जागा गरम असते. गॅसजवळच्या कपाटात नकोत आणि कुलरच्या झोतातही नकोत, तिथे दमट होतं. थायरॉईडच्या गोळीला उष्णता आणि ओल दोन्ही सोसत नाही. आमच्याकडे आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटाचा खालचा खण औषधांना दिला आहे. उशाशी ठेवलेली बाटली दिवसा तिथेच जाते.

ह्याच दिवसांत पाळी जायच्या वयाच्या वाफाही येतात. मानेपासून डोक्यापर्यंत एकदम भडका, घाम, मग थंडी. कुलरसमोर बसूनही होतं तेव्हा ते ऊन नसतं. तिखट, कडक चहा आणि रात्रीचं जड जेवण यांनी काहींना वाढतं. झोपच उडत असेल तर औषध आहे, सोसत बसू नका.

पाळीचं आणि महालक्ष्म्यांचं

महालक्ष्म्या जवळ आल्या की औषधांच्या दुकानात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांना मागणी येते. बीपी असेल, वजन जास्त असेल, कधी पायात रक्ताची गुठळी झाली असेल, तर त्या स्वतःहून घेऊ नका. डॉक्टरांना विचारा, किंवा यंदा आंबील जावेला करू द्या. आमच्याकडे जाऊबाईंची आंबील माझ्यापेक्षा चांगली होते, मला ते कबूल करायला काही वाटत नाही.

चाळिशीनंतर पाळी मागेपुढे होते ते ठीक. पण तासाला पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं हे वयाचं म्हणून सोडून द्यायचं नाही. रक्त उतरतं ते तिथूनच. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. पूर्ण वर्षभर पाळी नाही आणि मग एक दिवस डाग दिसला, नुसता डाग, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे.

साखरेबद्दल एकच सांगते, कारण आपल्या भागाला ते लागू आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी रक्त फार कमी असेल किंवा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर फसवी येऊ शकते. विदर्भात बऱ्याच घरांत सिकलसेल आहे. तुमच्या घरात असेल तर रिपोर्ट दाखवताना आधी तेच सांगा, म्हणजे डॉक्टर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर धरतील.

गुडघ्यासाठी दुकानातून "ती लाल गोळी" आणू नका. वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो. व्हिटॅमिन डीची ६०,००० ची पुडी किंवा गोळी साधारणपणे आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच दिली जाते. ती रोजची समजून घेऊ नका, आणि संपली की आपोआप दुसरा डबा मागवू नका.

डॉक्टरकडे जाताना

कालनिर्णयच्या पानाचा फोटो काढा. सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या एका पिशवीत टाका. आयुर्वेदिक चूर्ण, शेजारणीनं दिलेली पावडर, केसांच्या गोळ्या, काही लपवायचं नाही. सगळ्यात जास्त त्रास ज्याचा आहे ते पहिल्या वाक्यात बोला. आपल्याला ते दरवाज्याशी चप्पल घालताना आठवतं. सासूबाईंच्या औषधांची पिशवी वेगळ्या रंगाची ठेवा. आमच्या दोघींचीही बीपीची गोळी पांढरी, गोल, आणि पॉवर मात्र वेगळी. म्हणून त्यांच्या पट्टीवर मी मागच्या बाजूला मार्करनं मोठा 'आ' लिहून ठेवते.