महसीरच्या डीएनएसाठी पराचा तुकडा कसा घ्यावा

खडशी, म्हणजे दख्खनचा महसीर, नदीतला एक मोठा मासा. ब्रिटिश सैन्याधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून त्याचं वर्णन केलं. वेगवेगळ्या नद्यांतली खडशी जनुकांनी किती वेगळी, हे तपासायचं तर आधी त्या पाण्यात कुठलं बीज (सोडायची पिल्लं) कधी सोडलंय ते विचारा. लोणावळ्यात टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवली आणि ती दूरदूरच्या पाण्यात गेली. कावेरीत सोडलेली खडशी तर तिथल्या कुबड्या महसीरच्या मुळावर उठली. मत्स्यव्यवसाय विभागाकडे परवानगी मागतानाच बीजाच्या नोंदीही मागा. देवाचा डोह असेल तर गावाला विचारल्याशिवाय जाळं टाकू नका.

एका ठिकाणचे किमान ३० मासे हवेत. एका जाळ्यात आलेली बोटभर पिल्लं भरून मोकळं व्हायचा मोह होतो, पण ती बहुधा सख्खी भावंडं निघतात आणि एका कुटुंबाचीच मोजणी होते. लहानमोठे मासे दोन-तीन डोहांतून घ्या. धरण असेल तर वरचे आणि खालचे मासे वेगळे ठेवा.

माशाला भूल द्यायला १० लिटर पाण्याला अर्धा मिली लवंगतेल पुरतं. तेल पाण्यात नीट मिसळत नाही, म्हणून आधी दहापट अल्कोहोलमध्ये मिसळा. मासा कलंडला की उचला. कल्ल्यांची हालचाल मंदावली तर लगेच स्वच्छ पाण्यात. शेपटीच्या पराच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा कापा, पर पुन्हा वाढतो. प्रत्येक माशानंतर कात्री-चिमटा १० टक्के ब्लीचमध्ये बुडवून पाण्याने नीट धुवा. ब्लीच राहिलं तर पुढचा नमुना गेलाच.

२ मिलीच्या नळीत दीड मिली शुद्ध इथेनॉल भरा. दुकानातलं स्पिरिट चालत नाही, फॉर्मालिन तर मुळीच नाही. तुकडा मोठा असेल तर त्यातल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होतं आणि आतला भाग सडतो, म्हणून दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदला. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून नळीतच टाका, शाई विरघळते. नंतर नळ्या उणे २० अंशांवर ठेवा.

फक्त मायटोकाँड्रियल डीएनए (तो आईकडूनच येतो) वाचला तर आईच कळते, संकराचा बाप लपून राहतो. सोबत १० ते १५ मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे आई-बाप दोघांकडून येणाऱ्या डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे, घ्या. डीएनए तुटका असेल तर दोनपैकी एक प्रत वाचली जात नाही आणि विविधता आहे त्यापेक्षा कमी दिसते. म्हणून काही नमुने दुबार चालवा.