जुना रेल्वे एअर हॉर्न चकचकीत करताना या चुका टाळा

जुना हॉर्न हाती आला की बरेच जण थेट बफिंगला, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासून चमकवायला, बसतात. पॉलिश शेवटी करायचं असतं. हॉर्नचा आवाज कर्ण्याच्या चकाकीत नसतो. मागच्या झाकणाआडचा पातळ डायफ्राम (कंप पावणारी चकती) नोझलच्या, म्हणजे हवेच्या तोंडाच्या, कडेवर टेकलेला असतो. हवेच्या दाबाने तो उचलला जातो, हवा कर्ण्यात शिरते, दाब उतरतो, डायफ्राम परत बसतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं आणि त्याचा वेग मुख्यतः कर्ण्याची लांबी ठरवते. त्यामुळे बाहेरून काहीही घासा, आवाज फारसा बिघडत नाही. आत मात्र पॉलिश पेपरचा एक फटकाराही महागात पडतो.

उघडतानाच पहिला घोटाळा होतो. कर्णा अ‍ॅल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टीलचे, त्यात वर्षानुवर्षांचा ओलावा; दोन धातूंमधल्या गंजामुळे बोल्ट जाम होतात. लांब पान्याने जोर लावला की डोकं तुटतं आणि उरलेला तुकडा ओतकामात अडकतो. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, हलकी उष्णता द्या आणि बोल्ट थोडा पुढे, थोडा मागे करत काढा. काढण्याआधी फोटो घ्या, कर्णा आणि त्याचं झाकण यांच्यावर जुळणाऱ्या खुणा करा. १९७० च्या दशकात अमेरिकी प्रवासी रेल्वे कंपनी अ‍ॅमट्रॅकसाठी आलेल्या नेथन के५एलए या हॉर्नला पाच कर्णे असतात, पाचही वेगवेगळ्या सुरांचे. कर्ण्यांची अदलाबदल झाली की हॉर्नची मूळ मांडणी गेली.

आता सफाई. अ‍ॅल्युमिनियमवर कॉस्टिक सोडा घालू नका. धातू विरघळतो आणि हायड्रोजन सुटतो. पितळेला अमोनियाचं द्रावण नको, ताणाखालच्या पितळेला त्याने तडे जातात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासण्याऐवजी ओल्या पॉलिश पेपरने किंवा रंग काढणाऱ्या द्रावणाने काम करा, आणि मास्क लावाच. वाळूच्या जोरदार फवाऱ्याने पृष्ठभाग खडबडीत होतो, मग तो सपाट करताना ओतकामातले नंबर, कंपनीचं नाव, भट्टीची खूण सगळं पुसलं जातं. माझ्या मते हे सगळ्यात मोठं नुकसान, कारण हॉर्न कोणत्या मॉडेलचा आणि किती जुना हे त्याच खुणांवरून ओळखतात. अक्षरांभोवती हाताने घासा. आणि अ‍ॅल्युमिनियमवर वापरलेलं बफचं चाक पितळेवर नको.

डायफ्राम पॉलिश करू नये. घासल्याने तो असमान पातळ होतो, कंपनं बिघडतात आणि पुढे तडा जातो. मऊ कापड आणि सौम्य द्रावण पुरे. तडा दिसला तर त्याच मॉडेलसाठीचा नवा घ्या. मिळेल त्या पत्र्यातून कापलेली चकती बहुधा किंचाळतेच. नोझलच्या कडेला कानस लावू नका.

जोडल्यावर हॉर्न वाजत नाही? आधी वाट तपासा: जोडावर लावलेला जादा सिलिकॉन आत पसरला आहे का, टेफ्लॉन टेपचा तुकडा नोझलमध्ये बसला आहे का, कर्ण्यात किड्याचं घरटं आहे का. (शेवटचं ऐकायला गमतीचं, पण आढळतं.) वाजतो पण गुरगुरतो, तर पाणी साचलंय किंवा हवा कमी पडतेय. सुरुवातीला खणखणीत आणि लगेच मंद होत असेल तर दोष हॉर्नचा नाही: छोटा कंप्रेसर आणि बारीक पाईप हवा पुरवू शकत नाहीत. अमेरिकी इंजिनांच्या मुख्य टाकीत साधारण १३० ते १४० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब असतो. घरी दाब जेमतेम गाठला तरी हवेचा प्रवाह अपुरा राहतो. म्हणून नोझलचं छिद्र मोठं करण्याचा मोह टाळा. मोठी टाकी आणि जाड पाईप घ्या. आवाज फाटला तर झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, समान ताणाने आवळून बघा.

चाचणीला कानाचं संरक्षण अनिवार्य. अमेरिकी नियमानुसार इंजिनाचा हॉर्न १०० फुटांवर ९६ ते ११० डेसिबल असावा लागतो; तुम्ही उभे असता हातभर अंतरावर.

चकाकी टिकवायला मेण पुरतं. लॅकर (पारदर्शक वॉर्निश) मारायचं असेल तर कर्ण्याच्या बाहेरूनच मारा. ते डायफ्रामच्या बैठकीवर गेलं तर हवा गळते, आट्यांत गेलं तर पुढच्या वेळी बोल्ट पुन्हा जाम.