किरिलेंकोसारखा हेल्प डिफेन्स कोकणातल्या मैदानावर कसा बसवायचा

उंच, हडकुळा आणि फार शॉट न मारणारा मुलगा बास्केटबॉलच्या टीममध्ये आला की त्याला रिंगखाली उभं करून ‘हात वर ठेव’ एवढंच सांगितलं जातं. दोन महिन्यांत तो कंटाळतो आणि क्रिकेटकडे वळतो. अशा मुलासाठी आंद्रेई किरिलेंकोइतका चांगला नमुना दुसरा नाही. 1981 साली इझेव्हस्कमध्ये जन्मलेला, सेंट पीटर्सबर्गमध्ये वाढलेला हा 2.06 मीटर उंचीचा रशियन खेळाडू. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग; तिच्या 1999 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, यूटा जॅझ संघाने त्याला 24 व्या क्रमांकावर घेतलं, पण तो लगेच गेला नाही. आणखी दोन वर्षं मॉस्कोच्या सीएसकेए क्लबकडून खेळला आणि 2001 मध्ये अमेरिकेत गेला. तिथल्या कारकिर्दीत त्याची सरासरी सामन्याला 12 गुणांच्याही आत राहिली, तरी 2004 मध्ये तो ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंपैकी एक, झाला. 3 डिसेंबर 2003 रोजी ह्यूस्टनविरुद्धचे त्याचे आकडे पाहा: 19 गुण, 5 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), 7 असिस्ट (ज्यावर बास्केट होतो तो पास), 8 स्टील (बॉल हिसकावणं), 5 ब्लॉक (शॉट हवेतच अडवणं). पाचही रकान्यांत पाच किंवा जास्त.

हे नुसत्या उंचीने होत नाही. त्याची खरी ताकद होती ती आपल्या माणसाला, म्हणजे ज्याला अडवायचं त्या प्रतिस्पर्ध्याला, सोडून दुसऱ्याच्या मदतीला वेळेवर पोहोचण्यात. हाच हेल्प डिफेन्स, आणि तो शिकवता येतो. तो यूटात आला त्याच 2001-02 च्या हंगामात एनबीएने झोन डिफेन्सला (माणसाऐवजी जागा राखण्याला) परवानगी दिली, पण माणूस जवळ नसताना बचाव करणाऱ्याने कीमध्ये (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनात) तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही असा नियमही घातला. आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी होतात आणि त्यात बचावासाठी तीन सेकंदांची अट नाही. म्हणजे तुमचा हेल्प डिफेंडर कीमध्ये हवा तितका वेळ उभा राहू शकतो. पुष्कळ मुलं टीव्हीवर एनबीए पाहून उगाच बाहेर पळतात. हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

आधी मैदान. रिंग 3.05 मीटरवर, बारा वर्षांखालच्यांसाठी 2.60 वर. लाल मातीवर की आखताना फक्कीची रेघ 4.90 मीटर रुंदीची, फ्री थ्रोची रेघ बेसलाइनपासून (रिंगमागच्या शेवटच्या रेघेपासून) 5.80 मीटरवर. हेल्पची सगळी अंतरं मुलं या रेघांवरूनच मोजतात, म्हणून की अंदाजाने आखू नका. मातीवर बॉलला धूळ बसून तो हातातून निसटतो. दर पंधरा मिनिटांनी ओलसर फडक्याने पुसा. काँक्रिटचं मैदान असेल तर पावसानंतर कडेकडेने शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासल्याशिवाय तिथे उड्या मारायला लावू नका. खाऱ्या हवेत रिंगच्या प्लेटचे बोल्ट मागच्या बाजूने गंजतात, समोरून रंग शाबूत दिसतो. मे संपायच्या आत आणि गणपतीनंतर एकेक नट पान्याने फिरवून पाहा, ग्रीस लावा, फिरतच नसेल तर गॅल्व्हनाइज्ड बोल्ट घालून बदला.

पहिला धडा त्रिकोणाचा. बॉल, आपला माणूस आणि आपण, या तीन टोकांचा चपटा त्रिकोण. एका हाताचं बोट बॉलकडे, दुसऱ्याचं आपल्या माणसाकडे, आणि मान न वळवता दोन्ही दिसले पाहिजेत. माणूस एका पासवर असेल तर हात पासच्या वाटेत. दोन पास लांब असेल तर एक पाय कीच्या आत. चार जणांना बाहेर उभं करा, बॉल फिरवत ठेवा आणि बॉल हवेत असतानाच बचाव करणाऱ्यांनी जागा बदलायची. बॉल समोरच्याच्या हातात पडल्यावर जो हलतो तो उशिरा पोहोचणारच. हा सराव रोज दहा मिनिटं, पहिले दोन आठवडे शॉट न मारता. मुलं कुरकुर करतील, करू द्या; या दोन आठवड्यांत जो पाया बसतो तो नंतर कशाने भरून येत नाही.

इथली नेहमीची चूक एकच: मुलगा बॉलकडे बघत राहतो आणि त्याचा माणूस पाठीमागून बेसलाइनने आत शिरतो. उपाय म्हणून बचाव करणाऱ्याला मोठ्याने बोलायला लावा. ‘बॉल!’, ‘आलो!’, ‘डावीकडे!’ असे मोजके शब्द ठरवून घ्या. जो गप्प असतो त्याचं लक्ष बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकलेलं असतं.

मग मदतीची दोन पावलं. हेल्पर कीच्या मधोमध, एक जण विंगवरून (मैदानाच्या बाजूकडून) ड्रिबल करत बेसलाइनने येतो. हेल्परने दोन सरकत्या पावलांत कीच्या रेघेवर पोहोचून छाती समोर करून थांबायचं. दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा, असे तीन सेट. उशीर झाला की कंबर आडवी लागते आणि फाउल मिळतो. फिबात पाच फाउलना खेळाडू बाहेर जातो, तेव्हा ही सवय महाग पडते. पाय पोहोचले नाहीत तर हात घालायचा नाही, तो दोनाचा बास्केट सोडून द्यायचा.

ब्लॉक सगळ्यांना लवकर शिकायचा असतो, म्हणून मुद्दाम तिसऱ्या आठवड्यात घ्या. जुना बॉल जाळीत घालून आंब्याच्या फांदीला टांगा, मुलाने उभ्याने हात वर केल्यावर बोटं पोहोचतात त्याच्या 20 सेंटिमीटर वर. दोन पायांवर उडी, बोटांच्या टोकांनी बॉलला नुसता स्पर्श, दोन्ही पायांवर गुडघे वाकवून उतरणं. उतरताना आवाज कमी आला तर उतरणं बरोबर. आठ उड्यांचे दोन सेट, आठवड्यातून तीनच दिवस आणि मातीवर. काँक्रिटवर रोज उड्या मारल्या तर गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं, आणि वाढत्या वयात ते महिनोन् महिने जात नाही.

खऱ्या शॉटवर उडी शूटरच्या उडीनंतर मारायची, आधी नाही. शूटर उजव्या हाताचा आणि समोरासमोर असेल तर आपला डावा हात वर जावा, म्हणजे हात अंगावरून आडवा जात नाही. आपल्या जागेवरून सरळ वर उडी असेल आणि शूटर येऊन धडकला तर तो बचावाचा फाउल नाही. बॉल थोपटून मैदानात ठेवा, प्रेक्षकांत भिरकावू नका. बाहेर गेला तर तो पुन्हा त्यांचाच. बॉल रिंगच्या वर असून खाली येत असेल तर हात लावायचा नाही, ते गोलटेंडिंग. किरिलेंकोने 2004-05 मध्ये सामन्याला 3.3 ब्लॉक करून एनबीएत पहिला क्रमांक मिळवला, पण गुडघ्याच्या आणि मनगटाच्या दुखापतींमुळे त्या हंगामात तो फक्त 41 सामने खेळला. उतरण्याच्या सरावावर आम्ही इतका भर देतो तो यासाठी.

स्टील खालून, तळवा वर ठेवून. बॉल जमिनीवरून हाताकडे येत असतो तो क्षण पकडा. वरून फटका मारला की मनगट लागतं आणि शिट्टी वाजते.

सरावाच्या सामन्यात पाच रकान्यांचा कागद ठेवा: गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक. सोळा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी पहिलं लक्ष्य प्रत्येक रकान्यात एक, मग दोन. भिंतीवर गुणांची यादी लावू नका, हा कागद लावा. 2007 च्या युरोबास्केटमध्ये, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत, रशियाने माद्रिदमध्ये स्पेनला 60-59 असं हरवलं, शेवटचा निर्णायक शॉट जे. आर. होल्डनचा होता, आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू मात्र किरिलेंको ठरला. हे मुलांना जरूर सांगा.

वेळापत्रक इथल्या हवेप्रमाणेच ठेवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहा ते आठ, त्यापुढे नाही. दमट हवेत घाम सुकत नाही आणि अंग तापत जातं. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, मधल्या सुट्टीत मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत. जून ते सप्टेंबर मैदान बंद म्हणून सराव बंद करू नका. त्रिकोण आणि सरकती पावलं शाळेच्या व्हरांड्यातसुद्धा होतात, फक्त ओल्या फरशीवर गोणपाट टाकून आधी ती कोरडी करा आणि त्या दिवशी उड्या वगळा.