गेमिंगसाठी की रेंडरिंगसाठी? प्रोसेसर कसा निवडावा

नवा प्रोसेसर घेण्यापूर्वी सध्याच्या संगणकावर अर्धा तास जरूर घालवावा. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करून नेहमीचा गेम सुरू करावा आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) वापराचा आकडा पाहावा. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर ग्राफिक्स कार्ड कमी पडत आहे आणि प्रोसेसरवर केलेला खर्च वाया जाईल. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर बहुधा प्रोसेसर मागे पडतो आहे. सीपीयूचा (प्रोसेसरचा) एकूण आकडा अशा वेळी ३० टक्केच दिसला, तरी त्यावर विसंबू नये; एकच थ्रेड (क्रमाने चालणारी कामाची एक साखळी) अडलेला असला की बाकीचे कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) रिकामे बसतात.

निवडीचे मर्म इथेच आहे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात एकमेकांवर अवलंबून असलेली कामे क्रमाने उरकावी लागतात, म्हणून कोअरच्या संख्येपेक्षा प्रत्येक कोअरचा वेग आणि रॅमकडचे हेलपाटे वाचवणारी मोठी कॅशे (प्रोसेसरमधीलच वेगवान स्मृती) अधिक उपयोगी पडते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधील रेंडर (दृश्याचे अंतिम चित्र तयार करणे) मात्र लहान लहान तुकड्यांत वाटता येतो, त्यामुळे तिथे सगळे कोअर राबतात. एएमडी कंपनीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये ८ कोअर आणि ९६ एमबी एल३ कॅशे आहे, तर रायझन ९ ७९५०एक्स मध्ये १६ कोअर आणि ६४ एमबी. तरीही बहुतेक गेममध्ये पहिला सरस ठरतो आणि रेंडरिंगमध्ये दुसरा त्याला खूप मागे टाकतो. महाग तो सगळीकडे वेगवान, हा समज म्हणूनच सोडावा.

त्यानंतर चाचण्यांचे आकडे आपल्याच रिझोल्यूशनचे आहेत का ते तपासावे, कारण १०८०पी वर ठळक दिसणारा फरक ४के वर फार कमी होतो. व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी इंटेलचा ‘एफ’ अक्षराचा प्रोसेसर टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे; त्यात अंगभूत ग्राफिक्स नसल्याने क्विक सिंकची (व्हिडिओचे काम वेगाने उरकणाऱ्या इंटेलच्या सोयीची) मदत मिळत नाही.

शेवटी मदरबोर्डच्या सुसंगत प्रोसेसरांच्या यादीत आपल्या प्रोसेसरपुढे बायोसची (मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरची) कोणती आवृत्ती लिहिली आहे ते पाहावे आणि तीच किंवा तिच्यानंतरची आवृत्ती विक्रेत्याकडून आधीच घालून घ्यावी.