अंदमानात स्नॉर्कलिंग: जागा ठरवण्याआधी पंचांग उघडा

अंदमानची तिकिटं काढली की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: एलिफंट बीच चांगला की नॉर्थ बे? प्रश्न अर्धवट आहे. पुढे ‘कुठल्या तिथीला, किती वाजता आणि वारा कुठून असताना’ हे जोडलं तरच त्याला उत्तर देता येतं. सकाळी साडेनऊला जिथे डोक्याएवढं स्वच्छ पाणी असतं, तिथेच त्याच दिवशी दुपारी चारला पोवळी पाण्याबाहेर डोकावतात आणि स्नॉर्कलिंगऐवजी (म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं पाहण्याऐवजी) चिखल-दगड तुडवणं नशिबी येतं. टूरच्या कार्यपत्रिकेत ‘दिवस तिसरा: एलिफंट बीच’ असं छापलेलं असतं ते फेरीबोट आणि हॉटेलच्या सोयीने, भरतीचा त्यात विचार नसतो. तो आपण करायचा.

नावांचा गोंधळ आधी मिटवू. २०१८ साली हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. तिकिटांवर दोन्ही नावं दिसतात, बोटवाले जुनीच वापरतात. इथेही जुनीच ठेवली आहेत.

भरतीचं गणित

कोकणातल्या घरांत तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. हे गणित मुंबई-कोकणपट्टीचं आहे, अंदमानात ते जसंच्या तसं चालत नाही. तिथे त्या उत्तरातून साधारण दोन तास वजा करायचे. म्हणजे पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरातून दोन गेले, भरती सकाळी सव्वानऊ-साडेनऊच्या आसपास. तृतीयेला ती दुपारी बाराच्या पुढेमागे, अष्टमीला चारच्या सुमारास. या हिशेबात तासाभराची चूक सहज निघते, त्यामुळे सहलीचे दिवस निवडायला तो पुरेसा आहे, पाण्यात उतरायची वेळ ठरवायला नाही. त्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं किंवा फोनवरचं कुठलंही भरतीचं अॅप बघा, आणि त्यात ठिकाण ‘पोर्ट ब्लेअर’ निवडलंय ना, ते तपासा.

पाणी किती चढतं-उतरतं हेही महत्त्वाचं. मुंबईत उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, चार मीटरच्या वर फरक पडतो. पोर्ट ब्लेअरला उधाणाच्या दिवसांत तो दोन मीटरच्या आत-बाहेर आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीला, जेमतेम साठ-सत्तर सेंटिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण उथळ प्रवाळांवर एकूण पाणीच दीड-दोन मीटर असतं. त्यातलं मीटरभर गेलं तर पोट पोवळ्यांना घासतं.

यातून निवड सोपी होते. पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे गेलात तर उथळ जागा (एलिफंट बीच, नीलचा भरतपूर) सकाळी आठ ते अकरात उरका. दुपारनंतर तिथे जाऊ नका. अष्टमी-नवमीला गेलात तर सकाळी ओहोटी असली तरी पाणी फारसं उतरत नाही, शिवाय पाण्याची ओढ कमी असते. पोहता न येणाऱ्यांना आणि मुलांना घेऊन जायचं असेल तर हेच दिवस बरे. एकादशी-द्वादशीला ओहोटी ऐन दुपारी येते, तेव्हा पहिल्या बोटीने निघा.

भरती पूर्ण होण्याआधीचा दीड तास आणि नंतरचा अर्धा तास, हा सगळ्यात चांगला काळ. चढतं पाणी बाहेरच्या समुद्रातून येतं, म्हणून स्वच्छ असतं. उतरतं पाणी किनाऱ्यावरची रेती आणि खारफुटीतला गाळ घेऊन निघतं, तासाभरात पाणी दुधाळ होतं. भरतीच्या माथ्यावर ओढही जवळपास थांबते.

उजेडाचं वेगळं भान ठेवा. अंदमान आपल्या खूप पूर्वेला, पण घड्याळ तेच. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि साडेअकराच्या आतच डोक्यावर असतो. अडीचनंतर किरण तिरपे पडतात, पाण्यावरून परावर्तित होतात आणि खालचं सगळं करडं दिसू लागतं. तांबडा रंग तर भर उन्हातही पहिल्या चार-पाच मीटरमध्येच विरून जातो. म्हणून रंग पाहायचे तर दीड ते चार मीटर खोलीची जागा हवी. ‘इथे खूप खोल आहे, मोठे मासे आहेत’ असं सांगून नेणाऱ्या बोटीत वरून तरंगणाऱ्याला निळ्या धुक्यापलीकडे फारसं काही दिसत नाही.

वारा आणि ऋतू

जानेवारीच्या अखेरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत समुद्र सर्वात शांत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस, तेव्हा पश्चिमेकडचे किनारे खवळलेले. काही दिसलंच तर पूर्वेच्या आडोशाला. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा वारा फिरतो, आणि नेमकी दिवाळी-नाताळची गर्दी याच काळात असते. तेव्हा उत्तर आणि पूर्वेकडे तोंड असलेल्या जागा पहिल्यांदा गढूळ होतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांच्या उंचीचा अंदाज रोज देते. अर्ध्या मीटरपर्यंत निर्धास्त जा, एक मीटरला नवख्यांनी जाऊ नये, त्यावर कुणीच नाही. वारा थांबला म्हणून लगेच पाणी निवळत नाही, हेही ध्यानात असू द्या. गाळ खाली बसायला एक-दोन दिवस जातात.

कुठे जायचं

एलिफंट बीच, हॅवलॉक. सगळ्यांना माहीत असलेली जागा, आणि योग्य वेळी गेलात तर नाव सार्थ करणारी. हॅवलॉकच्या जेटीवरून बोटीने वीसेक मिनिटं, किंवा राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातल्या पायवाटेने अर्धा-पाऊण तास. वाटेचा शेवटचा भाग भरतीला पाण्याखाली जातो आणि पावसानंतर चिखल होतो. प्रवाळ किनाऱ्यालगतच सुरू होतं, ही याची मोठी जमेची बाजू. तोटा गर्दीचा. दहानंतर जेट स्की, बनाना राइड, बोटींची रांग. बोटीच्या तिकिटात बहुधा फुकट स्नॉर्कलिंग असतं. म्हणजे गाईड तुम्हाला रबरी रिंगला धरून दहा-पंधरा मिनिटं ओढत नेतो आणि परत आणतो. तेवढ्यात मास्कमधलं पाणीही काढून होत नाही. जेटीवरच जास्त वेळेचे पैसे ठरवा, आणि शेकडो पाय रोज पडणारा अलीकडचा भाग सोडून पुढच्या कडेपर्यंत न्यायला सांगा.

जॉली बॉय. आमच्या मते अंदमानात फक्त एकाच ठिकाणी स्नॉर्कलिंग करायचं असेल तर हे. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली घोषित झालं, त्यातलं हे निर्मनुष्य बेट. बोट पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरच्या जेटीवरून, सकाळीच, वनखात्याच्या परवान्यावर, सोमवारी बंद. बेटाला विश्रांती मिळावी म्हणून वर्षाचा काही काळ जॉली बॉय बंद ठेवून रेड स्किन बेट उघडतात. साधारण नोव्हेंबर ते मे जॉली बॉय, एरवी रेड स्किन. तारखा दरवर्षी पाहून घ्या. प्लास्टिक नेता येत नाही, एकदाच वापरायची पाण्याची बाटलीसुद्धा नाही. वंडूरला पोहोचून परवाना काढू, असं गृहीत धरू नका. आदल्या दिवशीच काढून ठेवा. इथे बोटीची वेळ आपल्या हातात नसते, म्हणून तारीख निवडताना तिथी बघा: सकाळची भरती असेल तो दिवस.

भरतपूर, नील. जेटीला लागूनच, तळ हळूहळू उतरता, लहान मुलांना सोपा. पण इतका उथळ की अर्ध्या भरतीच्या खाली तिथे उतरूच नये. आपण तर खरचटतोच, पोवळीही मोडतात. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मेलेला तुकडा खिशात घालून आणला तरी विमानतळावर पिशवी उघडायला लावतात.

नॉर्थ बे पोर्ट ब्लेअरसमोरच असल्याने दोन दिवसांच्या पाहुण्यांना सोयीचा, सेल्युलर जेल बघायला आलेले सकाळी तिथे जाऊन येतात. हॅवलॉकला जाणारच असाल तर वगळा. राधानगर सुंदर आहे, पण तिथे रेती. मास्क लावून रेतीच दिसणार. हॅवलॉकच्याच विजयनगर आणि गोविंदनगरच्या किनाऱ्यांवर ओहोटीत पाणी पार लांब जातं, भरतीत थोडंफार दिसतं.

कुठेही गेलात तरी माहितीपत्रकातल्या जांभळ्या-गुलाबी रंगांची अपेक्षा ठेवू नका. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापून इथली बरीच पोवळी पांढरी पडली, उथळ भागांतली अनेक मेली. मासे मात्र आहेत. आणि तपकिरी पोवळं म्हणजे मेलेलं नव्हे. बहुतेक जिवंत पोवळी तपकिरीच असतात. मेलेल्यावर शेवाळाची करडी, लवदार साय धरलेली असते.

किनाऱ्यावर पोहोचल्यावरची दहा मिनिटं

लगेच उतरू नका, उंचवट्यावर उभे राहून पाणी वाचा. फिकट हिरवं म्हणजे रेती. तुटक, कडा खडबडीत असलेले तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ. सलग गडद हिरवा पट्टा असेल तर बहुधा समुद्री गवत. फिक्या रंगाचा एकदम गडद निळा होतो ती कड. सगळ्यात जास्त मासे त्या कडेच्या आतल्या अंगाला मिळतात. हे सगळं आदल्या रात्री उपग्रह नकाशावरही दिसतं.

मग ओढ मोजा. वाळकं पान किंवा नारळाच्या सोडणाचा तुकडा पाण्यात टाका आणि त्याच्या बरोबरीने किनाऱ्याने चाला. दहा मीटर जायला त्याला अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ लागला तर नवख्यांनी उतरू नये. ओढ मंद असेल तर आधी तिच्या विरुद्ध दिशेने पोहत जा, परतताना ती मदतीला येते. उलट केलं की दमलेल्या पायांनी तिच्याशी झगडावं लागतं, आणि बहुतेक फजित्या इथेच होतात.

एक सापळा खास लक्षात ठेवा. प्रवाळाच्या कडेवर पांढऱ्या फेसाची रेघ असते आणि तिच्यात मधेच एखादी शांत, गडद फट. नवखा माणूस ‘इथे लाटा नाहीत’ म्हणून नेमका तिथेच जातो. ओहोटीत आतलं सगळं पाणी त्याच फटीतून बाहेर पडतं. त्यात सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे ताकद लावू नका. आडवे, फेसाच्या रेघेला समांतर पोहा आणि ओढ सुटली की वळा.

खाडीचं तोंड किंवा खारफुटी जवळ असेल तर ती जागा सोडा. पाणी गढूळ असतं हे एक कारण, खाऱ्या पाण्यातली मगर हे दुसरं. २०१० साली हॅवलॉकला स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. मगर दिसली की प्रशासन किनारा काही दिवस बंद करतं. ‘साहेब, काही होत नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, आणि पहाटे किंवा संध्याकाळी उतरू नका.

मास्क किनाऱ्यावरच तपासा: पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढा, हात सोडल्यावर तो चिकटून राहिला पाहिजे. मिशीमुळे पाणी शिरतं. नाकाखालची बोटभर पट्टी भादरली तर भागतं. काचेला आतून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून हलकं धुवा, म्हणजे वाफ धरत नाही. चष्मा असेल तर नंबराच्या काचेचा मास्क पुण्या-मुंबईहूनच घेऊन जा, तिथे हमखास मिळेल असं नाही. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट सनस्क्रीनपेक्षा जास्त कामाचा, पाठ आणि मांड्यांची मागची बाजू तासाभरात भाजते.

कडेजवळ हातभर लांबीचा, पिवळसर-हिरवट, जाड ओठांचा मासा अंगावर धावून आला तर तो टायटन ट्रिगरफिश. तळाशी त्याचं घरटं असतं आणि त्या घरट्यापासून वर पृष्ठभागापर्यंत रुंदावत जाणारा पाण्याचा स्तंभ तो आपला मानतो. वर तरंगत राहिलात तरी त्याच्या हद्दीतच असता. फिन्स (पायातले पोहण्याचे पंखे) त्याच्याकडे ठेवून आडवे सरका.

आणि वेळ चुकलीच, पोहोचलात तेव्हा पाणी उतरलेलं असेल, तर त्या दिवशी मास्क पिशवीतच ठेवा. उधाणाच्या दिवशी दुपारी तीन-चारच्या ओहोटीला नीलच्या ‘लक्ष्मणपूर दोन’ या किनाऱ्यावर, नॅचरल ब्रिज या खडकाच्या कमानीपाशी, खडकांतल्या डबक्यांमध्ये समुद्रकाकड्या, खेकडे, शंख आणि छोटे मासे उभ्याने बघता येतात. रबरी तळाच्या चपला घाला, शेवाळलेल्या खडकावर पाय घसरतो. पाच वाजता अंधारून येतं आणि पाणी चढायला लागतं, म्हणून साडेचारला परत फिरा.