मेमध्ये उघडायची नौका

गोव्यात शिडाच्या नौकांचा हंगाम साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, तेव्हा तयारीला सप्टेंबरमध्ये लागले की पुरे, असा माझा पहिल्या वर्षी समज होता. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी बेतीजवळ पावसाळ्यासाठी वर ओढून ठेवलेल्या एका ३२ फुटी नौकेवर मदतनीस म्हणून रुजू झाले, तेव्हा मालकांनी माझ्या हातात अकरा कामांची यादी दिली. पहिले पाहुणे १० ऑक्टोबरला यायचे होते. रोज एक काम उरकले तरी दोन आठवड्यांत सगळे आटोपेल, असा हिशेब मी यादी वाचतानाच करून टाकला. प्रत्यक्षात नौका पाण्यात उतरली ती नोव्हेंबर उजाडल्यावर, आणि तोवर यादीतील कामे एकोणतीस झाली होती. या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना सांगण्यासारखे माझ्याकडे जे काही आहे, ते बहुतेक त्या अठरा वाढीव कामांनीच शिकवलेले आहे.

ही कामे वाढतात कशी, ते एका रबरी चकतीवरून सांगते. नौकेच्या डिझेल इंजिनाला थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत खेचणारा एक छोटा पंप असतो आणि त्यात पात्यांची रबरी चकती फिरते, तिला इम्पेलर म्हणतात. आमच्या इंजिनाच्या इम्पेलरला सहा पाती होती. मी पंपाचे झाकण उघडले, पाती तुटलेली दिसली, नवा इम्पेलर बसवला, जुना कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि यादीवर खूण केली. आठवड्याभराने मालीमच्या मासेमारी धक्क्यावरचे मेस्त, म्हणजे मिस्त्री, दुसऱ्याच कामासाठी आले असता त्यांनी सहज विचारले, “बाय, जुन्याची पाती मोजलीस?” मी मोजली नव्हती. डबा उपसून तो इम्पेलर शोधला तेव्हा दोन पाती जागेवर नव्हती, आणि जागेवर नसलेले रबर इंजिनात पुढे कुठेतरी अडकलेले असणार, हे उघड होते. एक तुकडा इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडणाऱ्या उष्णता विनिमयकाच्या तोंडाशी सापडला, दुसरा त्याच्या अलीकडच्या नळीच्या वळणात. तसेच इंजिन चालवले असते तर पाणी पुरेसे न फिरल्यामुळे ते नदीच्या मध्यावर तापले असते. पण ते तुकडे काढण्यासाठी विनिमयकाची टोपी उघडावी लागली, उघडताना वर्षानुवर्षे आवळून बसलेले रबरी सील फाटले, आणि त्या मापाचे सील ना पणजीत मिळाले ना वास्कोत. ते बाहेरून येईपर्यंत बारा दिवस गेले. यादीत या सगळ्याची नोंद “इम्पेलर बदलणे” एवढीच होती.

डोलकाठीला आधार देणाऱ्या तारांच्या बाबतीत चूक सर्वस्वी माझीच होती. पोलादी तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या टर्मिनलवर केसाएवढी उभी चीर पडली आहे का, हे भिंगाने पाहायचे असते, आणि अशी चीर दिसली तर ते टोक बदलण्याला पर्याय नसतो. मला एका तारेवर ती दिसली, याचा त्या दिवशी मला अभिमानही वाटला. मग मी टेपने तारेचा व्यास मोजला, ६ मिलिमीटर असे लिहिले आणि हाताने बसवता येणारे टर्मिनल परदेशातून मागवले. तीन आठवड्यांनी, सीमाशुल्काचे सोपस्कार होऊन, ते हातात आले तेव्हा तार त्याच्या आत जाईना, कारण ती पाव इंची म्हणजे ६.३५ मिलिमीटरची होती आणि टर्मिनलच्या आतला शंकू नेमक्या मापाचाच लागतो. जुन्या नौकांवर इंची आणि मेट्रिक मापे सरमिसळ असतात, तारा ताणून धरणाऱ्या टर्नबकलच्या आट्यांचेही तेच. त्यानंतर मी व्हर्नियर कॅलिपरशिवाय एकही माप लिहिलेले नाही, आणि मागणी पाठवण्यापूर्वी जुन्या भागाचा कॅलिपरसह फोटो काढून ठेवते.

स्टेनलेस पोलाद गंजत नाही, हा समज किनाऱ्यावर काम करणाऱ्याने लवकर सोडावा. त्याच्यावरचा संरक्षक थर हवेतील प्राणवायूवर टिकून राहतो, त्यामुळे जिथे खारे पाणी साचते आणि हवा पोहोचत नाही, म्हणजे फटीत, टर्मिनलच्या आत किंवा चिकटपट्टीखाली, तिथे ते आतून पोखरले जाते. टर्नबकलांवर कोणीतरी हौसेने घट्ट गुंडाळलेल्या चिकटपट्ट्या आम्ही सोलल्या तेव्हा प्रत्येकीखाली तपकिरी पाणी होते. तळाच्या झडपांचेही असेच. साध्या पितळेतील जस्त खाऱ्या पाण्यात हळूहळू निघून जाते आणि उरलेला धातू गुलाबी, ठिसूळ होतो. खरवडल्यावर असा रंग दिसला तर ती झडप कितीही सहज फिरत असली तरी बदलावी आणि तिच्या जागी कांस्याची घ्यावी. बाजारात दोन्ही पिवळीच दिसतात, म्हणून विकणाऱ्याला स्पष्ट विचारावे.

विंच, म्हणजे शिडाचे दोर ताणायचे हातयंत्र, उघडताना भोवती खोक्याच्या पुठ्ठ्याची कड उभी करावी, कारण आतल्या खिट्ट्यांच्या स्प्रिंगा उडून पाण्यात पडतात आणि त्या एका स्प्रिंगेसाठी पुन्हा वाट पाहावी लागते. खिट्ट्यांना ग्रीस लावू नये, हलके तेल लावावे. ग्रीसने त्या चिकटल्या तर ताण असलेला दोर उलटा सुटतो आणि हँडल मनगटावर बसते. शिडांमध्ये कापडाच्या आधी उन्हाने शिवण जाते. ती नखाने ओढून पाहिली की कळते.

या सगळ्यापेक्षा अधिक वेळ खाते ते गोव्याचे कॅलेंडर, आणि ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसते. इथे १ जून ते ३१ जुलै अशी यांत्रिकी मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ट्रॉलरांची सगळी इंजिने त्याच दोन महिन्यांत उघडली जातात आणि जुलैमध्ये मालीमच्या धक्क्यावर मोकळा मेस्त शोधून सापडत नाही. ऑगस्टमध्ये ट्रॉलर समुद्रात जातात आणि आठवड्याभरात त्यांतले काही बिघडून परत येतात. त्यांचे पोट त्यावर असल्यामुळे त्यांना आधी हात लावला जातो, आणि ते योग्यच आहे. मग चतुर्थी येते. वेल्डर, लेथवाले, रंगारी आपापल्या गावी जातात आणि कारखाना पुन्हा केव्हा उघडेल हे विचारण्यात अर्थ नसतो. मला त्या वर्षी सप्टेंबरभर “फाल्यां येतां”, म्हणजे उद्या येतो, हे उत्तर मिळत राहिले, आणि मी त्याचा राग धरला. पुढे लक्षात आले की मेच्या उत्तरार्धात, ट्रॉलर अजून समुद्रात असताना, हेच मेस्त संध्याकाळी निवांत बसलेले असतात. आपला हंगामही तेव्हा संपत आलेला असतो. इंजिन, झडपा आणि तारा त्या पंधरवड्यात उघडून पाहिल्या तर सुटे भाग पावसात वाटेवर राहतात आणि आपण शिवण, विंच, वायरिंग अशी आडोशाची कामे करत राहू शकतो.

रंग मात्र पावसात घाईने लावू नये. ओलसर तळावर लावलेला शैवालरोधक रंग पापुद्रे धरतो, आणि एकदा वेळापत्रक तिथे चुकले की भरतीही चुकते. आमच्या नौकेची कील, म्हणजे तळाखालचा जड कणा, पाण्यात पावणेदोन मीटर खोल जाते आणि आमच्या उताराच्या धक्क्यावरून ती अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीलाच तरंगते. रंगाला आणखी दोन दिवस हवे होते म्हणून आमची एक भरती गेली, आणि दोन दिवसांचा उशीर पंधरा दिवसांचा झाला. पाहुण्यांना तारीख देण्यापूर्वी भरतीचे कोष्टक पाहावे, हे मालकांनाही त्या वर्षी प्रथमच जाणवले असावे.

तयारी चांगली असली म्हणजे काही मोडत नाही, असेही नाही. मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची तारिणी ही नौका सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली आणि २१ मे २०१८ रोजी परतली. परतीच्या वाटेवर सुकाणू यंत्रणेत बिघाड झाल्यामुळे तिला ठरलेले नसताना मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात जावे लागले होते. म्हणून मी आता मालकांना एकच तारीख देत नाही. सगळे सुरळीत झाले तर कोणती, एक भाग अडकला तर कोणती, आणि एक उधाण हुकले तर कोणती, अशा तीन तारखा लिहून देते. पहिल्या वेळी त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

शिडे हाताळण्याचे आणि जीवरक्षणाचे शिक्षण गोव्यात मिळते, राष्ट्रीय जलक्रीडा संस्थाही इथेच आहे, आणि तिथला अभ्यासक्रम जरूर करावा. दुरुस्ती शिकण्यासाठी मात्र एखाद्या मेस्तांबरोबर एक संपूर्ण बंदीकाळ ट्रॉलरवर काढण्याची तयारी ठेवावी. ते काम तेलकट, पावसातले आणि कमी पैशांचे असते. मुलगी पाहून पहिले काही दिवस फक्त पाने पुसायला देतात, ती पुसावीत आणि कोणता पाना कधी मागितला जातो ते पाहत राहावे.

यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात मेस्त नौकेवर आले, तेव्हा काढलेला इम्पेलर मी धुऊन डब्यात ठेवला होता. त्यांनी तो उजेडात धरला, सहाही पाती बोटाने मोजली, आणि मग चहा मागितला.